खेळात सवलत नाही

आधी माफी मागतो. आमच्या घरात लिहिणं म्हणजे गॅसच्या नंबराची चिठ्ठी आणि लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात पाहुण्यांचं नाव. कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे एखाद्या माणसाबद्दल पानंच्या पानं लिहायला बसलो की दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं, आत्ता कुणी येऊन ऊठ म्हणेल असं. शिवाय ज्या कामाबद्दल लिहितोय त्याचं माझं शिक्षण अजून चालू आहे. त्या कामातली जाणती माणसं हे वाचतील तर म्हणतील, या पोराला काय कळतं. खरंच आहे. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "लिव्ह की. पन नाव नको टाकू, बिल्ला नंबर टाक." मी बिल्ला नंबरही टाकत नाही. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही मामाच म्हणतो.

मामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर केडगावात, घराला लागून असलेल्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या शेडमध्ये, दर शनिवारी तीन ते पाच ते मुलांचा खेळगट चालवायचे. 'विशेष गरजा असलेली मुलं' हे शब्द मी कॉलेजात शिकलो. मामा "आपली पोरं" म्हणायचे. सात-आठ जण असायचे. कुणाला ऑटिझम, कुणाची समज वयाच्या मानाने सावकाश वाढलेली, ओम नावाचा एक मुलगा वॉकर घेऊन चालणारा. या मुलांना शिकवणारे बरेच असतात. कुणी शब्द शिकवतं, कुणी पेन्सिल धरायला, कुणी बटण लावायला. पण ते सगळं एका मोठ्या माणसासमोर एकट्याने बसून. दुसऱ्या पोराबरोबर खेळायचं कसं, आपला डाव येईपर्यंत थांबायचं कसं, हरल्यावर काय करायचं, यासाठी दुसरं पोरच लागतं. ते या शेडमध्ये मिळायचं. थेरपिस्ट मॅडम महिन्यातून एका शनिवारी यायच्या आणि कोणाबरोबर काय करायचं ते ठरवून द्यायच्या. उरलेले शनिवार मामांचे.

मी तिथे कसा गेलो हे सांगायला मला थोडी लाज वाटते. कॉलेजात समाजसेवेचे तास भरायचे होते. चांगली चांगली कामं, झाडं लावणं, किल्ल्याची सफाई, मित्रांनी आधीच घेतली होती. मी फॉर्म द्यायला उशीर केला आणि यादीत शेवटी उरलेलं हे काम माझ्या वाट्याला आलं.

पहिल्या दिवशी मामांनी विचारलं, "कुठले?"

"कॉलेजातून आलोय."

"ते दिसतंय. गाव कुठलं?"

"सोनई."

"बरं. सोनई, चपला तिकडं काढा."

तेव्हापासून मी सोनई झालो. मामा मोठ्या माणसांना कधी नावाने हाक मारायचे नाहीत, गावाने मारायचे. इतकी वर्षं माणसं त्यांना गावाचं नाव सांगत आली होती, त्याची ती सवय. मुलांना मात्र नावानेच हाक. तीही जवळ जाऊन, खाली बसून, एकदाच.

मग त्यांनी माझ्या हातात पाण्याचा पेला दिला. मला वाटलं, उन्हातून आलोय म्हणून विचारपूस. मी घटाघट प्यालो.

"आरं, गिळलं का काय? तोंडात धरायचं."

ही त्यांची पद्धत. खेळ चालू असताना मदतीला आलेल्या प्रत्येकाने तोंडात पाण्याचा घोट धरून उभं राहायचं. दाराशी बसलेल्या आयांनीसुद्धा. कारण त्यांनी मला नंतर सांगितलं. "पोराला इचारलं, बाळा तुला कुठला चेंडू पायजे? की आपुन दोन सेकंद थांबतो आन् आपुनच सांगून टाकतो, लाल पायजे ना? त्याचं उत्तर तवर घशापाशी आलेलं आसतं. ते माघारी जातं. म्हनून पानी. पोराच्या तोंडाला कुलूप न्हाई, आपल्या तोंडाला लावायचं."

मॅडमना याचं आधी हसू आलं होतं म्हणे. मग त्या म्हणाल्या, पुस्तकात याला वाट पाहणं म्हणतात, पाण्याचा उल्लेख कुठे नाही. पुढच्या वेळी आल्या तेव्हा त्यांनीही घोट घेतला.

मामी चहा घेऊन यायच्या त्या एकदा म्हणाल्या, "शेडमदी हे दोन तास पानी धरत्यात. घरात धरलं आसतं तर माझा संसार सोन्याचा झाला आसता."

मामा गप्पच. तोंडात पाणी होतं.

शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी दोरी बांधली होती आणि दोरीच्या टोकाला भंगारातून आणलेली जुन्या एसटीची घंटा. दोन टोले म्हणजे चला, एक टोला म्हणजे थांबा. दोन टोले फक्त मामा द्यायचे. एक टोला मात्र कुणीही द्यायचा. एखाद्याला गोंगाट सहन होईनासा झाला, किंवा नुसता कंटाळा आला, की दोरी ओढायची. सगळं जागच्या जागी बंद. मग का थांबवलं हे कुणी विचारायचं नाही. "प्याशिंजरनं बेल मारली तर त्याला उतरायचं आसतं. कुठं चाललास म्हनून इचारतो का आपुन?" माझ्या पहिल्या महिन्यात एक मुलगा दर पाच मिनिटांनी दोरी ओढायचा. खेळ काही व्हायचाच नाही. मी मनात म्हणायचो, एवढं लाडावून कसं चालेल. पुढे त्याचं ओढणं कमी होत गेलं. थांबवता येतं एवढं कळल्यावर त्याला थांबवायची गरज उरली नसावी. हे माझं मत. मामांनी असं काही सांगितलेलं नाही.

चार वाजता खाऊ. तेव्हा मामा डबे गोळा करून अदलाबदल करून वाटायचे. ओमच्या हातात रेहानचा डबा, रेहानच्या हातात तिसऱ्याचाच. आपला डबा कुणाकडे आहे ते शोधायचं आणि मागून घ्यायचा. बोलून, बोट दाखवून, हात ओढून, कसंही. पण हिसकावून नाही. रेहान अकरा वर्षांचा, गोल चेहऱ्याचा, आणि गटाचा न्यायाधीश. कुणी हिसकावलं की तो दोन्ही हात वर करून ओरडायचा, "नियम! नियम!" त्याला डाउन सिंड्रोम आहे. नियमांच्या बाबतीत त्याच्याइतका काटेकोर माणूस मी कॉलेजातही पाहिलेला नाही.

मामा स्वतः सगळ्या खेळांत असायचे आणि बहुतेक वेळा हरायचे. हरले की भांडायचे. "मी आउट न्हाई! लायनीच्या आत हुतो!" रेहान त्यांना हाताला धरून बाहेर बसवायचा. मग मामा भिंतीला टेकून मोठा सुस्कारा टाकायचे, आणि थोड्या वेळाने स्वतःलाच ऐकवायचे, "चला, पुढं सरका. मागून मानसं येतायत." एकदा मॅडम म्हणाल्या, "मामा, तुम्ही हरल्यावर फार आरडाओरडा करता." मामा म्हणाले, "पोरांना दिसाय पायजे ना मॅडम. मोठा मानूस हरला तर वरडतो, बसतो, आन् मरत न्हाई."

आता तनूबद्दल सांगतो. खरं म्हणजे तिच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलोय.

तनू नऊ वर्षांची. राहुरीच्या अलीकडच्या एका गावाहून तिची आई तिला एसटीने घेऊन यायची, स्टँडवरून केडगावपर्यंत रिक्षाने. तनूला ऑटिझम आहे. मी पाहिलं तेव्हा तिच्याकडे दहा-बारा शब्द होते. पाणी, गाडी, नको, असे. ते सगळे आईसाठी. दुसऱ्या मुलाशी ती एक शब्द बोललेली कुणाला आठवत नव्हतं. तिला बरणीचं झाकण जमिनीवर गरगर फिरवायला आवडायचं. ती ते इतकं सुंदर फिरवायची की मी पाहत राहायचो.

पहिल्यांदा आली तेव्हा तिची आई उत्साहाने सांगत होती, "आमच्या गल्लीतली पोरं लई चांगली हायेत मामा. तनूला खेळाय घेत्यात. कच्चं लिंबू करून घेत्यात."

कच्चं लिंबू आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. खेळात एखादं लहान किंवा कमजोर पोर असलं की त्याला कच्चं लिंबू करायचं. ते सगळ्यांबरोबर पळतं, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि ते आउटही होत नाही. मला ही आपल्याकडची फार मायाळू रीत वाटायची.

मामांनी विचारलं, "राहुरीच्या ताई, एसटीत तनूचं तिकीट काढता?"

"सवलतीचं हाय ना तिला. दिव्यांगाचं."

"ती घ्या. ती हक्काची हाय. पन काढता ना?"

"काढते की. आर्धं का आसंना."

"आन् गल्लीत तिला बिनतिकिटाची बसवलीय त्यांनी. बिनतिकिटाचं मानूस मोजत न्हाईत ताई. ते कुठं चढलं आन् कुठं उतरलं, कुनालाच ठाव नसतं." मग ते तनूच्या शेजारी खाली बसले, तिच्या झाकणाकडे बघत म्हणाले, "तनू, हितं खेळात सवलत न्हाई बरं का."

आई थोडी दुखावली. मलाही ते जास्तच वाटलं. पण थोड्या दिवसांनी तिने मामीजवळ मन मोकळं केलं, तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो. घरी सासूबाईंचं म्हणणं होतं की तनूला लांबच्या वसतिगृहाच्या शाळेत ठेवावं. "त्यांचं वाईट मन न्हाई. त्या म्हनत्यात, हिला मानसांची गरजच न्हाई, झाकन दिलं की झालं. मग हितं काय आन् तिथं काय. शाळा चांगली आसंल ओ मामी. पन माझी पोर मला घरात पायजे. तिला मानसं लागत्यात. मला ठाव हाय. फकस्त दाखवता येत न्हाई."

म्हणजे तिला हवं होतं ते एवढंच. तनूला दुसऱ्या पोरांशी काही देणंघेणं आहे, हे सासूबाईंना दिसावं.

फेब्रुवारीत सासूबाई स्वतः बघायला आल्या. नऊवारी, डोक्यावरून पदर, हातात पिशवी. मामांनी त्यांनाही पेला पुढे केला. त्या म्हणाल्या, "मला न्हाई तहान." मामांनी पेला खाली ठेवला. मीच मनात म्हटलं, आज सगळं नीट होऊ दे.

विष-अमृत खेळायचं ठरलं. राज्य असलेल्याने कुणाला हात लावून "विष" म्हटलं की त्याने जागच्या जागी थांबायचं. दुसऱ्या कुणी येऊन "अमृत" म्हणत हात लावला की तो सुटला. मामांना हा खेळ फार आवडायचा. कारण यात कुणालाही एकट्याने सुटता येत नाही. आम्ही सगळे चकलो, तळहात टाकत एकेक जण सुटत गेला, आणि शेवटी उरली तनू. राज्य तनूवर.

दोन टोले पडले. मुलं पळाली आणि थांबली. तनू जागेवरच उभी. तिने कानांवर हात ठेवले. एक मिनिट गेलं. दोन गेली. रेहान अस्वस्थ होऊन म्हणाला, "तनू, पळ." माझ्या तोंडातलं पाणी कोमट झालं होतं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. तनूची आई मान खाली घालून बसलेली. तिचे गाल पाण्याने फुगलेले, आणि डोळेही भरून आलेले.

मला सहन झालं नाही. मी पाणी गिळलं आणि म्हणालो, "असू दे, असू दे! तनू कच्चं लिंबू. माझ्यावर राज्य!"

मुलांनी सुटकेचा श्वास सोडला. खेळ झकास सुरू झाला. तनू भिंतीपाशी गेली आणि झाकण फिरवू लागली. मला वाटलं, मी सगळ्यांनाच वाचवलं.

सासूबाई उठल्या. सुनेला म्हणाल्या, "बघितलंस? एवढी पोरं हायती, हिनं मान वर करून बघितलं का? दिवाळीपतुर थांबते मी. मग मीच पोचवून यीन तिला." त्या मुद्दाम लागेल असं काही बोलल्या नाहीत. शांतपणे बोलल्या, म्हणून जास्त लागलं.

त्या गेल्यावर मामांनी एक टोला दिला. मला वाटलं आता बोलणी बसणार. मामा नुसतं म्हणाले, "सोनई, ती उतरायला दार धुंडीत हुती का चढायला, ते तुमाला ठाव न्हवतं. मला पन न्हवतं. तुमी बाहेर ढकलून दार लावून घेतलं." मग सगळ्या मुलांना गोळा करून त्यांनी जाहीर केलं, "आजपासून चार शनिवार सोनई कच्चं लिंबू."

मुलं खूश झाली. मीही हसलो. ही कसली शिक्षा!

पहिला शनिवार मजेत गेला. मी पळालो, मुलं पळाली. पण माझ्यामागे कुणी येत नव्हतं. ओमवर राज्य होतं, तो वॉकर खडखडवत माझ्याजवळून गेला, मी मुद्दाम हळू झालो, तरी तो पुढच्याकडे गेला. मी रेहानला "अमृत" म्हणून सोडवायला गेलो तर तो म्हणाला, "तू नाही चालत." दुसऱ्या शनिवारी मी पळणं कमी केलं. तिसऱ्या शनिवारी मी भिंतीला टेकून उभा होतो आणि खाऊची वेळ कधी होते याची वाट बघत होतो. मुलं माझ्याशी गोड बोलत होती. कुणीही वाईट वागलं नाही. तरी त्या दिवशी खोलीवर गेल्यावर मला जेवावंसं वाटलं नाही. वीस वर्षांचा घोडा मी, आणि मला या गोष्टीचं वाईट वाटावं, हे कुणाला सांगणार? म्हणून इथे लिहितोय.

त्या महिन्यात तनूवर पुन्हा दोनदा राज्य आलं. दोन्ही वेळा मामांनी कुणाला बदलू दिलं नाही. सगळे थांबले. एकदा तर पाच वाजेपर्यंत नुसते थांबले. रेहान रडकुंडीला आला. "मामा, खेळ कधी?" मामांनी तोंडातल्या पाण्याकडे बोट दाखवलं आणि नुसती मान हलवली. मला मनातून त्यांचा राग आला होता. एका मुलीसाठी सात मुलांचा शनिवार घालवायचा, हे बरोबर आहे का?

चौथ्या शनिवारी तिसऱ्यांदा राज्य तिच्यावरच आलं. दोन टोले पडले. मुलांनी पळायचंही सोडून दिलं होतं, जो तो आपापल्या जागी. मी भिंतीपाशी. माझी मोजणीच नव्हती, म्हणून मी पायाने जमिनीवरची धूळ गोळा करत होतो. जुन्या पिठाची असते ना, तशी पांढरी धूळ.

कुणीतरी माझा शर्ट धरला. खाली पाहिलं तर तनू. ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या शर्टाच्या बटणाकडे बघत होती.

"विश," ती म्हणाली.

रेहान ओरडला, "मामा! हा आउट होत नाही! हा लिंबू आहे!"

मामांच्या तोंडात पाणी. दारात तनूच्या आईने फसकन पाणी सोडलं, शेजारच्या बाईच्या साडीवर. तनूने शर्ट सोडला नाही. ती पुन्हा म्हणाली, "विश." आणि थांबली. ती वाट बघत होती. मी काय करतो याची.

मी जागच्या जागी दगडासारखा उभा राहिलो. इतका सरळ मी शाळेत झेंड्यापुढेही उभा राहिलो नसेन. तनूने शर्ट सोडला आणि ओमकडे गेली.

मी तिच्या झाकणाच्या वाटेत उभा होतो म्हणून तिने मला धरलं असेल का? असेलही. मॅडमनी तेच विचारलं. मामा म्हणाले, "मॅडम, प्याशिंजर चढला. कुठल्या कामानं चढला ते मी इचारत न्हाई."

त्या संध्याकाळी सतरंज्या झाडताना मामा एक गोष्ट बोलले. आधी नाही, नंतरही कधी नाही. त्यांचा धाकटा भाऊ असाच होता. "त्याला आमी काय कमी केलं न्हाई. जेवाय घातलं, नवी कापडं घेतली, आजारपणात उशाशी बसलो. खेळात घेतला तो कच्चं लिंबू म्हनून. पंचेचाळीस वर्सांचा होऊन गेला. येकदा पन आउट झाला न्हाई." मग ते सतरंजीचं दुसरं टोक मागू लागले. मी दिलं.

पण शेड वेगळी आणि गल्ली वेगळी. हे मामांना माहीत होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते एसटीने तनूच्या गावाला जायला लागले. दर रविवारी. तनूच्या आईने मला फोनवर सांगितलेलं हे आहे. ते गल्लीत जायचे, पोरांना म्हणायचे, मला खेळाय घेता का. पासष्टीचा माणूस, पोरं हसून हसून बेजार. मामा हरायचे आणि भांडायचे. पोरांना त्यांच्याशी भांडायला फार आवडायला लागलं. मग एक दिवस त्यांनी अट घातली. "तनूवर राज्य आलं तर ते तिचंच. सावकाश घील, पन तिचं. तिला सूट द्येनार आसाल तर मी न्हाई खेळत." पोरांनी मान डोलावली. पण मामा गेले की पोरं पुन्हा तिला सोडून द्यायची. तिची आई म्हणाली, "घाई आसती ना पोरांना. सांच्याला आंधार पडायच्या आत खेळ उरकायचा आसतो."

सासूबाई ओट्यावर बसून हे सगळं बघायच्या. मामांना चहा द्यायच्या. मत बदललेलं नव्हतं.

जुलैत मला पुण्याला समाजकार्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. घरी वडिलांना मी नक्की काय शिकतोय हे अजून नीट सांगता आलेलं नाही. मी म्हणतो, मुलांबरोबर खेळायचं शिकतोय. ते म्हणतात, ते तर तुला येत होतं. पुण्यात अभ्यासात गुंतलो. तनूच्या आईला फोन करायचं धाडस होत नव्हतं, कारण दिवाळी जवळ येत होती, आणि फेब्रुवारीत जे झालं ते माझ्यामुळे झालं, हे मला विसरता येत नव्हतं. एकदा फोन केला तर ती म्हणाली, "फॉरम आनून ठिवलाय सासूबाईनी. भरला न्हाई अजून."

दसऱ्याच्या सुट्टीत सोनईला जाताना केडगावला उतरलो. मामांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून खाटेवर बसले होते. डॉक्टरांनी वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, असं सांगितलेलं. शनिवार दोन बुडाले म्हणून चिडले होते. मामी म्हणाल्या, "डोळा झाकलाय, तोंड उघडंच हाय."

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. त्यांना दिसत नव्हतं, म्हणून मी उचलून स्पीकरवर टाकला. तनूची आई. तिला धाप लागलेली.

"मामा, भांडान झालं ओ गल्लीत."

"कुनाचं?"

"सासूबाईंचं. शेजारनीसंगं. काल सांच्याला."

"का?"

"पोरी लंगडी खेळत हुत्या. राज्य तनूवर हुतं."

मामा खाटेवर सरळ झाले. "कुनी दिलं तिला राज्य?"

"कुनी दिलं न्हाई ओ! चकल्या आन् आलं. लंगडी घालत पोरींच्या मागं लागली. मधीच पाय टेकला. पोरी वरडल्या, आउट, आउट. तर म्हनती, न्हाई टेकला."

"कोन म्हनती?"

"तनू म्हनती! दोनदा म्हनली, न्हाई टेकला, न्हाई टेकला. शेजारच्या पोरीला ढकललं आन् परत लंगडी घालाय लागली. तिची आई भांडाय आली, तुमची पोरगी लबाडी करती. सासूबाई ओट्यावर हुत्या. ताडकन उठल्या. म्हनल्या, आमची पोर खोटं बोलत न्हाई, तुझ्याच पोरीचे डोळे तपासून आन. लई वाजलं मामा. सगळी गल्ली गोळा झाली."

मामींच्या हातातला चहा तसाच राहिला होता. मामांनी हळू आवाजात विचारलं, "आन् त्यो फॉरम?"

"सकाळी मीच इचारलं, फॉरमचं काय करायचं. म्हनल्या, आत्ता कुठं धाडती तिला? गल्लीत तिच्या बाजूनं बोलाय कोनीतरी हाय, तिथं कोन हाय? आन् पोरी आत्ताच दारात येऊन उभ्या हायेत. तनूला घ्यून चला म्हनत्यात, कालचा निकाल लावायचाय."

फोनमधून पोरींचा कालवा ऐकू येत होता. मग मामा फोनच्या जवळ सरकले.

"राहुरीच्या ताई, येक सांगा. खरं सांगा. पाय टेकला हुता का?"

तिकडे तिने आवाज अगदी बारीक केला, बहुतेक सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून.

"टेकला हुता ओ मामा. मी सोता बघितला. चांगला टेकला हुता."